जिंजूची मिठी

"ऑन्नी, तू कधी कुणाला मारलंयस का?"

हा प्रश्न माझा नव्हता, शप्पथ. माझ्या वर्गातल्या मैत्रिणींनी, ऑर्ला आणि इमरनं, चॅटमध्ये लिहून पाठवला होता आणि खाली पैज लावली होती: सगळ्या वर्गासमोर विचारून दाखव, उल्का. कोरियन सिरीजमध्ये भाजीवाली मावशीसुद्धा चार गुंड लोळवते, तर तुमच्या ऑन्नीनं निदान एक तरी लोळवला असेल, असं त्यांचं म्हणणं. गेल्या वर्षी मी नसतं विचारलं. हजेरीला ओ द्यायची तरी मी पुटपुटायचे. पण लॉकडाउनमध्ये शाळा पडद्यावर आली, बावीस तोंडं बावीस सारख्या चौकोनांत बसली, आणि मला शोध लागला की आपला आवाज तर बाई चांगला खणखणीत आहे!

ऑन्नी म्हणजे कोरियन भाषेत ताई. आमची ऑन्नी हेवॉन ब्लँचर्डस्टाउनच्या आमच्या घरात वरच्या छोट्या खोलीत भाड्यानं राहते, पीएचडी करते आणि आईच्या थालीपिठाबरोबर किमची खाते. तिच्या जिवावर मी शाळेचा प्रकल्प उचलला होता: दक्षिण ग्योंगसांग प्रांताची सहल. मार्च २०२१ चालू होता, घरापासून पाच किलोमीटरच्या पुढे जायला सरकारची बंदी होती आणि मी वर्गाला नऊ हजार किलोमीटर लांब फिरवून आणणार होते. आहे की नाही!

आधी तोंगयोंगचं बंदर दाखवलं, तिथली कासवाच्या पाठीची लाकडी युद्धनौका दाखवली. मग नामहे बेटावरची शेतं. आपली डोंगरउतारावरची भातखाचरं कुणीतरी उचलून थेट समुद्राच्या काठाला लावावीत, तशी. शेवटी जिंजू, ऑन्नीचं गाव. तिथे तिचे बाबा फोन धरून प्रत्यक्ष किल्ल्यात उभे होते. आमच्याकडे सकाळचे नऊ, त्यांच्याकडे संध्याकाळचे सहा. नदीवर ऊन उतरत होतं, कड्यावर एक मोठा लाकडी सज्जा होता, आणि नेमका तेव्हाच मी तो प्रश्न विचारला आणि पैज जिंकली.

माझ्या शेजारी बसलेली ऑन्नी रागावली नाही. "मी? झुरळ मारलंय," ती म्हणाली. मग फोनमधल्या बाबांना कोरियनमध्ये काहीतरी सांगितलं. ते हळूहळू दगडी पायऱ्या उतरायला लागले. खाली पाण्याला लागून एक सपाट खडक होता.

"हा किल्ला १५९३ साली पडला," ऑन्नी म्हणाली. "जपानी सैन्यानं आतली माणसं कापली. सैनिक, बायका, म्हातारे. सत्तर हजार म्हणतात. नदी प्रेतांनी तुंबली होती, असं माझी आजी सांगायची. मग वरच्या त्या सज्जात जिंकलेल्यांची मेजवानी झाली. नाचायला मुली आणल्या. त्यांतल्या एकीचं नाव नोन्गे. तिनं दहाही बोटांत अंगठ्या घातल्या होत्या. एका सेनापतीला हसत हसत या खडकावर आणलं, त्याला कवेत घेतलं, पाठीमागे बोटांत बोटं अडकवली आणि नदीत उडी टाकली. अंगठ्यांमुळे हात सुटले नाहीत. दोघंही मेली."

मग इमर म्हणाली, "होली गॉड."

दुपारी ही गोष्ट मी आईला मराठीत सांगितली आणि मध्येच मला हसू फुटलं. "आई, आपल्या भाषेत बघ ना, सगळं मारायचंच! तिनं मिठी मारली, उडी मारली आणि मारलं."

"गप्पा मारणं पुरे झालं," आई पोळी लाटता लाटता म्हणाली. "हेवॉनला घेऊन एक चक्कर मारून ये जा. दिवसभर घरात कोंडून बसता."

चार वाजता आम्ही कालव्याकाठी गेलो. बारक्या पावसानं वाट निसरडी झाली होती. मी ऑन्नीला फुगडीची पकड शिकवत होते: हात उलटसुलट, बोटं आकड्यासारखी, आणि काही झालं तरी सोडायचं नाही, सोडलं की दोघी भुईवर. आई मला हेच सांगत आलीय. आम्ही एक गिरकी घेतली आणि मागून आवाज आला.

"ए, कोरोना!"

सायकलींवर तीन मुलं. पुढचा किलियन, ऑर्लाचा भाऊ, माझ्याहून एका वर्षानं मोठा. त्याच्या घरी मी वाढदिवसाचा केक खाल्लाय.

"किलियन, मी आहे, उल्का," मी म्हणाले.

"तू बाजूला हो. तिला सांग, परत जा म्हणावं आपल्या वटवाघळांकडे."

दुसऱ्यानं कोल्ड्रिंकचा भरलेला कॅन फेकला. तो ऑन्नीच्या कानाजवळ लागला. ती वळून चालायला लागली, मान खाली, झपझप, जणू हे तिला नवीन नव्हतं. किलियननं सायकल टाकली, धावत गेला आणि तिच्या पाठीत लाथ घातली. पूर्ण ताकदीनं. ती तोंडावर पडली, कपाळ कालव्याच्या दगडी काठावर आपटलं, आणि तो आवाज माझ्या डोक्यातून अजून गेलेला नाही. नारळ फुटतो ना, तसला. रक्त भुवईवरून डोळ्यात, डोळ्यातून मास्कवर. पांढरा मास्क बघता बघता लाल झाला. बाकीचे दोघं हसले. एकाच्या हातात फोन होता, तो सगळं टिपत होता.

मी ओरडले नाही. सरळ किलियनवर धावले. मागून त्याच्या छातीभोवती हात टाकले आणि बोटांत बोटं अडकवली. तो उंच आहे, त्यानं कोपर मारलं, माझा ओठ फाटला, तोंडात खारट चव आली. त्यानं टाच मारली, माझी नडगी सोलली. मी सोडलं नाही. त्याच्या खांद्याला चावले. जॅकेटवरून चावले, तरी तो किंचाळला. त्याचे मित्र सायकली घेऊन पळाले.

आणि मग तो थांबला. हे मला लिहायलाच हवं. त्यानं ऑन्नीचं रक्त पाहिलं, त्याचं अंग एकदम ढिलं पडलं आणि तो म्हणाला, "सॉरी. सॉरी, उल्का. सोड."

सोडता आलं असतं. मी ऐकलं होतं, स्पष्ट. पाणी आमच्या डाव्या हाताला, दोन पावलांवर. माझ्या बोटांत एकही अंगठी नव्हती.

मी उडी मारली.

पाणी छातीपर्यंतच होतं, पण थंडीनं श्वास तुटला. पडताना त्याचं मनगट काठावर आपटून मोडलं. मी वर, तो खाली. पाणी हिरवं, गढूळ, त्यात त्याचे केस हलत होते. मी त्याचं डोकं दाबून धरलं. किती वेळ, माहीत नाही. ऑन्नी नंतर म्हणाली, चार-पाच सेकंद. त्या सेकंदांत मला मजा येत होती. मी खोटं का सांगू? आयुष्यात इतकं बळ माझ्या हातांत कधी आलं नव्हतं.

"गुमानहे!" ऑन्नी ओरडली. पुरे! काठावर पालथी पडून तिनं माझी वेणी धरली आणि अशी खेचली की मानेची शीर तुटेल असं वाटलं. माझे हात सुटले. तो वर आला, खोकत, ओकत, लहान मुलासारखा आईला हाका मारत. ऑन्नीचं रक्त टपटप माझ्या तोंडावर पडत होतं.

ऑन्नीच्या कपाळाला सात टाके. किलियनच्या हाताला प्लास्टर. माझ्या ओठाला काही नाही, नुसता बर्फ. सगळं झाल्यावर तिथे पोहोचलेल्या, कुत्रं फिरवणाऱ्या एका आजोबांनी गार्डांना, म्हणजे इथल्या पोलिसांना, बोलावलं होतं. पोलिसांनी आमची नावं लिहून घेतली आणि सांगितलं, सोमवारी आईवडिलांबरोबर ठाण्यात येऊन जबाब द्यायचा.

दुसऱ्या दिवशी, शनिवारी, ऑर्लाचा फोन आला. ती रडत होती. "किलियन म्हणतोय, तो फक्त मस्ती करत होता. तुझी ऑन्नी घसरून पडली. तू सांग की तुझाही पाय घसरला, तोही तसंच सांगेल. ज्यानं शूट केलं, त्यानं ते पुसून टाकलंय. मग सगळं ग्रँड, सगळं ठीक. प्लीज, उल्का."

रविवारी संध्याकाळी जेवणाच्या टेबलावर बाबाही तेच म्हणाले. आमचे बाबा, शिरीष, औषधांच्या कारखान्यात क्वालिटी बघतात. नोंदीत खाडाखोड दिसली तरी त्यांना झोप येत नाही.

"चिखल होता, पाय घसरला. एवढंच म्हणायचं. चिखल तर होताच ना?"

"अहो, आणि हेवॉनच्या कपाळाचं काय?" आई म्हणाली.

बाबांनी टेबलावर मूठ आपटली. आमटीची वाटी उडून भिंतीवर फुटली. त्यांना असं मी कधीच पाहिलं नव्हतं. "मला दिसत नाही का तिचं कपाळ? सुनेत्रा, नागरिकत्वाचा अर्ज गेलाय आपला! पोरीनं एका मुलाला पाण्यात दाबून धरलं, हे त्यांच्या कागदावर जायला हवंय का तुला?"

आई खाली बसून काचा वेचायला लागली. तिचं बोट कापलं, तरी ती वेचत राहिली. मी उठून वर गेले.

ऑन्नी खिडकीशी बसली होती. एक डोळा सुजून बंद. मी तिला बाबांचं आणि ऑर्लाचं सगळं सांगितलं.

"तुझ्या बाबांचं ऐक," ती म्हणाली. "मी रागावणार नाही. मला सवय आहे."

"पण मग तुला कुणीच मारलं नाही, असं होईल!"

"हो."

"आणि नोन्गे? तिनं काय केलं असतं?"

ऑन्नी हसायला गेली, टाके ताणले गेले, ती कण्हली. "नोन्गे मेली, उल्का. तिला परत येऊन कुणाला काही सांगायचं नव्हतं. तू परत आलीस. तुझं काम तिच्याहून अवघड." मग थोडं थांबून म्हणाली, "तू त्याला बुडवलं असतंस. मी तुझे डोळे बघितले. मला त्याच्यापेक्षा तुझी भीती वाटली."

मी तिथेच जमिनीवर बसले. दोन दिवसांत पहिल्यांदा रडले, नाक गळेपर्यंत. मग तोंड धुतलं आणि खाली आले. बाबा भिंतीवरचे आमटीचे ओघळ पुसत होते. आईच्या बोटाला पट्टी होती. दोघांनी माझ्याकडे बघितलं.

"आई, बाबा," मी म्हणाले. माझा आवाज फुटला, पण मी थांबले नाही. "मी उद्या थाप मारणार नाहीये. किलियननं ऑन्नीला लाथ मारली, ते मी सांगणार. आणि तो सॉरी म्हणाल्यावर मी त्याला घेऊन पाण्यात उडी मारली, ते पण सांगणार. मुद्दाम मारली. दोन्ही सांगणार आहे."