टेबलावर एकच डबा

"तुझी पोर इथं आली होती का?"

वर्लिननं मानही वर केली नाही. तळघरातल्या टेबलावर वाकून, डोळे बारीक करून तो तराजूच्या काट्याकडे बघत होता. नोरीन धुण्याची टोपली कमरेवर घेऊन जिन्याशीच थांबली.

"नाही, पॉप. कडी वर लावलेली असते. तिचा हात पोचत नाही."

"मग तराजू कोणी हलवला? उंदरानं?"

"मी नाही हलवला."

"या घरात कुणीच काही करत नाही, कॉलेजबाई. माझ्या गोळ्या मात्र आपोआप पांगतात."

गोळ्या पांगत होत्या, हे खरं होतं. म्हाताऱ्याच्या दोनशे बावीस कॅलिबरच्या रायफलीतून शंभर यार्डांवर पाच गोळ्या सुटल्या, की कागदावर एकच भोक पडायचं. यंदा वसंतापासून अंगठ्याएवढ्या अंतरानं पाच भोकं पडत होती. आधी त्यानं वाऱ्याला शिव्या दिल्या, मग दुर्बिणीला, आणि आता सुनेची पाळी होती.

मोंटानाच्या पूर्व टोकाच्या या गावात धान्यकोठारावरच्या काट्यावर वर्लिन हॅसेल चौतीस वर्षं बसला. भरलेला ट्रक आला की वजन, रिकामा परतला की वजन. मूठभर गहू तळव्यावर चोळून तो ओल सांगायचा, मग यंत्रही तेच सांगायचं. निवृत्त झाल्यावर ट्रक गेले आणि हा चिमुकला तराजू राहिला. त्यावर तो एका ग्रेनच्या, म्हणजे साधारण गव्हाच्या दाण्याएवढ्या वजनाच्या, दहाव्या हिश्शापर्यंत बंदुकीची दारू तोलायचा आणि स्वतःची काडतुसं स्वतः भरायचा. दुकानातली काडतुसं म्हणजे दुसऱ्याच्या पायाचे बूट, असं त्याचं म्हणणं. या नळीला बावन्न ग्रेनची, सपाट बुडाची गोळी आणि ही एकच दारू आवडते, हे शोधायला त्यानं दोन हिवाळे घालवले होते. बायकोच्या आवडीनिवडी शोधायला एवढा वेळ दिला नाही, असं तो स्वतःच सांगायचा आणि हसायचा. नोरीन आल्यापासून ते हसू तिनं फारसं ऐकलं नव्हतं.

टेबलामागच्या भिंतीवर त्याच्याच अक्षरात एक पाटी होती: टेबलावर एकच डबा.

आज टेबलावर दोन होते. दोन्हींची झाकणं उघडी.

एक रायफलीच्या दारूचा, सावकाश जळणाऱ्या. दुसरा पिस्तुलाच्या दारूचा, भक्कन पेटणाऱ्या. उरलेली दारू मापातून परत डब्यात ओतायची असते. दोन डबे उघडे असले की हात चुकतो, आणि पिस्तुलाची दारू रायफलीत गेली तर नळीच फुटते. पाटी त्याच्यासाठीच होती.

"पॉप, दोन डबे आहेत."

"मला मोजता येतं."

"पाटीवर तुम्हीच–"

"पाटी मी तुझ्या जन्माआधी लिहिलीय. कपडे वाळत घाल जा."

वर तिचा नवरा कर्टिस स्वयंपाकघरातल्या टेबलावर रायफलीला तेल लावत होता. उद्या रविवारी गावची स्पर्धा होती. यंदा बापाऐवजी तो उतरणार होता. म्हाताऱ्याच्या डोळ्यांचं नाव कुणी काढलं नव्हतं. म्हाताऱ्यानं भरलेली पन्नास काडतुसं खोक्यात तयार होती.

"ती वापरू नकोस," नोरीन म्हणाली.

"पॉपनं चौतीस वर्षांत एक पोतं चुकवलं नाही."

"पोतं फुटत नाही, कर्टिस. उद्या तुझा गाल त्या बंदुकीला टेकलेला असेल."

"टेस शिंकली तरी तू डॉक्टरला फोन करतेस."

ते खरंच होतं, म्हणून तिला जास्त लागलं. रात्री मुलीच्या नाकाशी हात धरून श्वास तपासणारी बाई ती. पण याआधी घाबरली तेव्हा उघडे डबे असे डोळ्यांसमोर नव्हते.

म्हातारा टपाल आणायला फाटकापर्यंत गेला तशी ती पांढरी बशी घेऊन खाली उतरली. रायफलीच्या डब्यातली चमचाभर दारू तिनं बशीत ओतली आणि सुईच्या टोकानं पसरली. शेवयांच्या बारीक तुकड्यांसारखे काळे दाणे. ते तसेच असायला हवे होते. त्यांच्यात मात्र मधूनमधून चपट्या, गोल टिकल्या होत्या. पिस्तुलाच्या.

जेवताना तिनं ती बशी सासऱ्याच्या ताटाशेजारी ठेवली.

"हे काय? मिरपूड?"

"तुमच्या रायफलीच्या डब्यातली आहे. नीट बघा."

"माझ्या टेबलाला हात लावलास तू?"

"लावला."

"कर्टिस, तुझ्या बायकोला सांग, हे घर अजून माझं आहे."

कर्टिस बटाट्याकडे बघत राहिला. नोरीननं टेसची खुर्ची स्वतःकडे ओढून घेतली.

"घर तुमचंच आहे. नवरा माझा आहे. बघा."

म्हाताऱ्यानं चष्मा लावला, मग काढला. बशी खिडकीकडे धरली, डोळ्यांजवळ आणली, लांब नेली. नोरीनला एकाएकी कळलं, त्याला काहीच दिसत नाहीये. काळ्यावर काळं, एवढंच. तिला वाटलं, आता बशी भिरकावतो हा.

त्यानं चिमूट उचलली. डोळे मिटले आणि अंगठ्यानं ती तळव्यावर चोळली, गव्हाची ओल बघायचा तशी. चोळता चोळता अंगठा थांबला.

तो उठला. कर्टिसच्या कोपराशी ठेवलेलं खोकं उचललं आणि जिना उतरून गेला. ताट तसंच राहिलं.

थोड्या वेळानं खालून आवाज येऊ लागला. ठक. मग जरा थांबून पुन्हा ठक. काडतुसातली गोळी सोडवायच्या हातोडीचा. नोरीन भांडी विसळत मोजू लागली. कर्टिस उठून जिन्याकडे निघाला तेव्हा तिनं ओला हात त्याच्या दंडावर ठेवला.

"नको. त्यांचं त्यांना करू दे."

सत्तेचाळीसला आवाज थांबला. तिच्या हातातली भांडीही थांबली. मग आणखी तीन झाले.

खिडकीतून तो दिसला. पाठ वाकलेली, हातात डबा आणि एक वाडगा. बटाट्याच्या वाफ्यात तो दारू ओतत चालला होता, बी पेरावं तशी सारखी. डबा त्यानं तळाशी चापट मारून रिकामा केला.

चारच्या सुमारास हाक आली.

"कॉलेजबाई. खाली ये."

टेबलावर एकच डबा होता. सीलबंद.

"काय लिहिलंय?"

तिनं नाव वाचलं.

"मोठ्यानं वाच. आकडापण."

तिनं पुन्हा वाचलं. मग त्यानं गोळ्यांची डबी पुढे सरकवली.

"बावन्न ग्रेन. सपाट बुडाची," ती म्हणाली.

"काटा कुठंय?"

"शून्याच्या एक रेघ खाली."

"तरीच," तो पुटपुटला आणि तराजूच्या पायाचा स्क्रू फिरवू लागला. "सांग, कुठं थांबू ते."

पन्नास पुंगळ्या भरून होईपर्यंत काट्याकडे ती बघायची, हात त्याचे चालायचे. एकदाच तिचा श्वास पारड्यावर पडला आणि तो खेकसला, "तोंड तिकडं."

शेवटी त्यानं खोक्यावरची चिठ्ठी आणि पेन्सिल तिच्याकडे ढकलली. तारीख, दारू, वजन, गोळी. तिनं सगळं लिहिलं. सगळ्यात खाली भरणाऱ्याच्या नावाची जागा होती. फळीवरच्या साऱ्या जुन्या खोक्यांवर तिथं व. हॅ. होतं. तिनं 'व' लिहायला पेन्सिल टेकवली.

"माझं नको. तुझं लिही."

"पण भरलीत तुम्ही."

"बघितलंस तू. फुटलं तर कुणाला धरायचं ते कळलं पाहिजे लोकांना."

तिनं लिहिलं: नो. हॅ.

त्यानं खोकं हातात घेतलं आणि त्या दोन अक्षरांवरून अंगठा फिरवला, सावकाश. मग ते फळीवर, आपल्या खोक्यांच्या ओळीत, जरा अंतर सोडून ठेवलं.