हौद आणि आयंबिल

रूपलनं काचेच्या नळीत हौदातलं पाणी घेतलं, त्यात पीएच दाखवणाऱ्या लाल औषधाचे थेंब सोडले आणि नळी उन्हाकडे धरून हलवली. रंग केशरी-गुलाबीवर थांबायला हवा होता; तो जांभळ्याकडे गेला. दुसऱ्या नळीतलं पाणी क्लोरीनच्या खुणेनं पिवळं व्हायला हवं होतं. ते कोरंच राहिलं. काल टाकलेलं सगळं क्लोरीन शहाद्याचं चैत्रातलं ऊन पिऊन बसलं होतं.

"भाभी, कोपरामा हिरवं दिखी ऱ्हायनं," लांब दांड्याचा ब्रश खांद्यावर टाकत घरगडी भिकन म्हणाला.

"दिसलं मला."

"मंग आज परत मोठा डोस?"

रूपलनं स्वयंपाकघराच्या खिडकीकडे पाहिलं. खिडकीत कुणी नव्हतं, पण आतून भांडं ठेवल्याचा आवाज आला. तिच्या सासूबाई, लाडकंवर, माठातलं पाणी गाळत असणार. दुपदरी फडकं, हळू धार, आणि शेवटी फडक्यात राहिलेले जीव दुखावू नयेत म्हणून ते फडकं जिथलं पाणी तिथंच नेऊन विसळायचं. या घरात पाणी म्हणजे प्यायची वस्तू नव्हती नुसती. ते सांभाळायचं एक लेकरू होतं.

आणि अशा घराच्या मागल्या अंगणात रूपलच्या नवऱ्यानं, तरुणनं, पोहण्याचा हौद बांधला होता.

पोहायला कुणालाच येत नव्हतं. सासरे सुगनचंद यांना मागच्या दिवाळीत लकव्याचा झटका आला, डावं अंग गेलं. शहाद्याच्या बाजारपेठेत चाळीस वर्षं गादीवर बसून अर्ध्या तालुक्याला नावानं हाक मारणारा माणूस पलंगावरून छताकडे बघत राहिला. नंदुरबारहून येणारे व्यायामाचे डॉक्टर म्हणाले, पाण्यात उभं करा, पाणी वजन पेलतं. तरुणनं महिन्याभरात हौद उभा केला: छातीइतका खोल, दोन्ही बाजूंना धरायला स्टीलचे कठडे. जमिनीवर ज्यांना दोघांनी पोत्यासारखं उचलावं लागे ते सुगनचंद, पाण्यात उतरवलं की शेठजी होत. मान वर, उजवा हात कठड्यावर, आणि तोंडानं अडखळत का होईना, हुकूम.

"भिकन, स... सोड. तुझ्या हातापेक्षा पाणी मऊ."

"पाणीले मजुरी नही लागस, शेठ. म्हनीसन ते गोड लागस तुम्हले," भिकन म्हणायचा, आणि अर्धं तोंड वाकडं करून शेठजी हसायचे.

लाडकंवर मात्र हौदाकडे कधी फिरकल्या नाहीत. एका बादलीत अंघोळ उरकणारी बाई ती. हौद भरला त्या दिवशी त्या एवढंच म्हणाल्या होत्या, "यांचे पाय येणार असतील तर करा." मग दारातूनच वळल्या.

अडचण शेवाळाची होती. शेवाळाच्या एका कणात अनंत जीव, हे रूपललाही लहानपणापासून पाठ. पण हिरव्या, घसरड्या पाण्यात सासऱ्यांना उतरवायचं कसं? हौद हिरवा झाला की क्लोरीनचा मोठा डोस द्यायचा, दोन दिवस कुणी पाण्यात उतरायचं नाही, मग पाणी निवळलं की पुन्हा व्यायाम. फाल्गुनापासून हेच चाललं होतं. आणि दर वेळी, मोठा डोस पडून हौद पुन्हा सुरू झाला, की त्या दुपारी लाडकंवरच्या ताटात आयंबिल असायचं: जैनांचं कोरड्या अन्नाचं तप. दिवसातून एकदाच जेवायचं. तूप नाही, तेल नाही, दूध-दही नाही, गूळ नाही, फोडणी नाही. कोरडी भाकरी, उकडलेले मूग आणि उकळून निवलेलं पाणी.

रूपलच्या हे जरा उशिरानंच ध्यानात आलं. आलं तेव्हा तिनं हातातला घास ताटात परत ठेवला. आपण डोस टाकायचा आणि सासूनं त्याचं प्रायश्चित्त घ्यायचं!

तिनं एकदा विचारूनही पाहिलं.

"मम्मीजी, आज काही तिथी नाही. मग आयंबिल का?"

"तपाला 'का' असं विचारतात होय, बिंदणी?" सुनेला एवढंच बोलून लाडकंवर भाकरी मोडायला लागल्या.

मागच्या आठवड्यात ओट्याला धरून उभ्या उभ्याच त्या खाली बसल्या. डोळे पांढरे झाले होते. सत्तरी ओलांडलेलं अंग, त्यात हे ऊन. तरुण दुकानातून धावत आला, आईच्या तळपायांना तेल चोळत बसला आणि संध्याकाळी रूपलला बाजूला घेऊन म्हणाला, "आता आणखी एक आयंबिल झालं ना, तर मी हौदात मुरूम टाकणार. ट्रॅक्टर सांगून ठेवतो."

"आणि पापाजी?"

तरुण हात धुवायला निघून गेला.

म्हणून आज त्या कोपऱ्यातली हिरवी झाक दिसूनही रूपलनं क्लोरीनचा कॅन उघडला नव्हता. डोस दिला तर सासूचं ताट कोरडं. नाही दिला तर सासरे पुन्हा पलंगावर, छताकडे बघत.

नळ्या विसळायला ती आत गेली. लाडकंवर माठाची तिवई पुसत होत्या. आधी ओल्या फडक्यानं, मग कोरड्यानं, मग माठाच्या बुडाखालची कडा बोट फिरवून. तिवई स्वच्छच होती.

"कालच तर पुसली होतीत," रूपल म्हणाली.

"ओल राहिली की फूलण धरते, बुरशी येते. धरली की मग ती खरवडावी लागते, आणि खरवडली की जीव मरतात." लाडकंवरनी फडकं पिळलं. "धरूच दिली नाही, तर मारायचं कुणाला?"

रूपल नळ्या हातात घेऊन तशीच उभी राहिली. मग तिनं कपाटाच्या वरच्या फळीवरून कॉलेजच्या जुन्या वह्यांचं गाठोडं ओढलं. रसायनशास्त्रात बी.एस्सी. झाली होती ती. लग्नानंतर तिचं रसायनशास्त्र लोणच्याच्या बरण्यांपुरतं उरलं होतं.

वह्या चाळताना तिला उमगलं: दोष नुसत्या पाण्यात नव्हता, घाईत होता. बोरिंगचं पाणी मुळातच क्षाराचं, पीएच चढलेला. चढलेल्या पीएचमध्ये क्लोरीन असून नसल्यासारखं. जे काही थोडं काम करायचं, ते दिवसभराचं ऊन खाऊन टाकायचं. मग हौद हिरवा, मग मोठा डोस, आणि ते द्रव क्लोरीनही पीएच आणखी चढवणारं. दर मोठा डोस पुढच्या मोठ्या डोसाची सोय करून ठेवत होता, आणि हे इतके दिवस तिच्या हातूनच घडत होतं.

त्या कोपऱ्यासाठी एक डोस द्यावाच लागला. लाडकंवरचं आयंबिलही झालं. तरुण ताटाकडे बघून उठून गेला. रूपल त्याच्या मागोमाग बाहेर गेली.

"ट्रॅक्टर सांगू नका. अक्षय्यतृतीयेपर्यंत थांबा."

"तोवर आईला काही झालं तर?"

"हा शेवटचा मोठा डोस. पुन्हा द्यावा लागला, तर मुरूम मीच टाकीन."

दुसऱ्या दिवसापासून रूपलचा हौदाशी संसार सुरू झाला. सकाळी नळ्या. रंग जांभळ्याकडे झुकला की बादलीभर पाण्यात अ‍ॅसिड सोडून, पंप चालू ठेवून, कडेनं थोडं थोडं ओतायचं; मग दोन्ही औषधं एकमेकांना भेटू नयेत म्हणून मधे बराच वेळ जाऊ द्यायचा. पपईच्या नर्सरीतली हिरवी जाळी आणून तिनं दुपारभर हौदावर ताणली. क्लोरीन संध्याकाळीच, ऊन कलल्यावर, मापात. भिंती रोज घासायच्या, शेवाळ दिसो न दिसो.

भिकन गळ्यात माळ घातलेला, दर सप्ताहाला कीर्तनात टाळ धरणारा माणूस. त्याला या रोजच्या घासण्याचं भारी कौतुक.

"आमना बुवा सांगस," तो ब्रश चालवत म्हणायचा, "साचेल पाणी आनि साचेल मन, दोन्हीसले रोज हलावनं पडस."

"मग तुझ्या बुवाला म्हणावं, पंपाचं लाइट बिल पण भर."

"बुवा कसाले भरतीन? बुवा नुसता सांगतस!"

अक्षय्यतृतीया आली आणि गेली. हौदाचा तळ ताटासारखा लख्ख दिसत होता. मोठा डोस पडला नव्हता, आणि लाडकंवर रोज चारचौघांसारख्या वरण-भात, तूप घालून जेवत होत्या. तरुणनं ट्रॅक्टरचं नाव काढणं सोडलं. सुगनचंदांचा एकही दिवस बुडाला नाही. रोज सकाळी कठडा धरून या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत, पुन्हा परत.

मग एका सकाळी, मधोमध आल्यावर ते थांबले. भिकननं पुढं व्हायला हात केला. शेठजींनी मान हलवली. कठड्यावरचा उजवा हात त्यांनी हळूच उचलला, पाण्यावर सपाट ठेवला आणि डावा पाय पुढं टाकला. पाणी थोडं डहुळलं. मग उजवा. मग पुन्हा डावा. रूपल काठावर उभी होती. तिच्या हातातली नळी कलंडून पाणी साडीवर सांडलं तरी तिला कळलं नाही. भिंतीला टेकून सुगनचंद धापा टाकत होते आणि भिकन दोन्ही हात जोडून, देवाला की शेठला कळेना, "रामकृष्णहरी, रामकृष्णहरी" करत होता.

त्या दुपारी रूपलनं मुद्दाम लापशी केली, तूप सुटेपर्यंत भाजलेली. ताटं मांडली. लाडकंवरनी आपल्या ताटातली लापशीची वाटी उचलून बाजूला ठेवली आणि भाकरीवरचं तूप बघून म्हणाल्या, "मला कोरडी दे. आज आयंबिल आहे."

रूपलच्या हातातला चमचा थांबला.

"पण मम्मीजी, मी काहीच टाकलं नाही! शपथ. दोन्ही नळ्या बरोबर आहेत. शेवाळाचा कण नाही त्यात. या, चला, बघा तुम्ही..."

"माहीत आहे मला. माझ्या तिवईसारखा ठेवलायस तू हौद. मी बघते ना रोज."

"कुठून बघता?"

लाडकंवरनी हनुवटीनं खिडकीकडे दाखवलं. मग डोक्यावरचा पदर सारखा करत, रूपलकडे न बघता बोलू लागल्या.

"करणं, दुसऱ्याकडून करवणं, आणि झालेलं बघून सुखावणं. आपले महाराजसाहेब प्रवचनात सांगतात, तिन्हींचं कर्म सारखंच लागतं. हौद तरुणनं करवला. औषध तू टाकतेस. माझ्या वाट्याला तिसरं आलं."

रूपल खाली बसली.

"दोन-दोन दिवस यांना पलंगावर बघायचं, आणि मग एकदम पाण्यात ताठ उभे दिसायचे. तेव्हा इतका आनंद व्हायचा की लाज वाटायची. किती जीव गेले असतील त्या पाण्यातले, आणि मी खिडकीत उभी राहून हसतेय!" त्यांनी हाताच्या पाठीनं नाक पुसलं. "आज तर... आज मी टाळी वाजवली, बिंदणी. हातात पीठ होतं."

स्वयंपाकघरातल्या फरशीवर, खिडकीखाली, पिठाची पांढरी भुकटी अजून पडलेली होती.

"मग आता रोजच आयंबिल करणार?" रूपलनं विचारलं. "तब्येत बघा तुमची. तरुण काय म्हणतील?"

"रोज कुणी एवढं हरखतं का? चालायची सवय होईल त्यांना, आणि बघायची मला. मग जेवीन की तुपाशी." लाडकंवर पहिल्यांदा हसल्या. "त्याला सांग, ट्रॅक्टरवाल्याला उगीच त्रास देऊ नकोस म्हणावं."

रूपलनं तव्यावरची कोरडी भाकरी आणून ताटात ठेवली. उकळून निवलेलं पाणी पेल्यात ओतलं.

"उद्या यांना जरा उशिरानं उतरव," लाडकंवर म्हणाल्या. "माझं सामायिकाचं ध्यान संपेपर्यंत एक फेरी होऊन जाते. अर्धंच दिसतं."

"साडेसात चालेल?"

"आठ कर," लाडकंवरनी सांगितलं, आणि भाकरीचा तुकडा पाण्यात बुडवला.