आधी मशीन, मग सून

पोळ्या झाल्या, सासूबाईंचा चहा झाला, की सीमा पदराला हात पुसत ऑफिसात येऊन बसायची. अकोटला घर आणि कापसाच्या जिनिंगचा कारखाना एकाच आवारात. त्यामुळे सुनेला हिशेबाच्या टेबलापर्यंत यायला वेळ लागत नसे, आणि तिला पगारही द्यावा लागत नसे. बी.कॉम. झालेली मुलगी सासरे खुशालरावांनी हेरूनच आणली होती.

पुण्याचे गुंतवणूकदार कंपनीत पैसा घालणार होते. त्यांनी दहा वर्षांची निव्वळ स्थिर मालमत्ता मागितली होती. जमीन, इमारत, यंत्रं यांच्या किमतीतून झिजेचा घसारा वजा करून दर वर्षी काय उरतं, तो आकडा. सीमा त्याचीच रेघ तक्त्यावर काढत होती. कंपनी खरोखर वाढते आहे, की जुन्या यंत्रांवर दिवस काढते आहे, ते त्यावरून कळतं.

"रेघ वर जाते ना, सुनबाई?" खुशालरावांनी दारातूनच विचारलं.

"दर वर्षी उतरते, मामाजी. घसारा लागते. एकाच वर्षी चढली."

कोणत्या वर्षी, ते त्यांनी विचारलं नाही. दोघांनाही ठाऊक होतं.

खुशालराव हुंडा घेत नसत. भर सभेत तसं सांगून टाळ्याही घेत. मुलीच्या बापानं फक्त कंपनीला एक मशीन द्यायची. बिल कंपनीच्या नावानं, पैसा व्याह्याचा, आणि कागदावर तो खुशालरावांचं भांडवल. मशीन ट्रकमधून यायची, घरातल्या बायांनी तिची ओटी भरायची, आणि मगच लग्नाची तारीख काढायची. सीमाच्या वडिलांनी चांदूर बाजारचा संत्र्याचा बगीचा विकून गाठी बांधायची प्रेस दिली होती. भाऊकीत कौतुकच झालं होतं.

पुढे एकदा नवऱ्यानं, किशोरनं हात उचलला तेव्हा सीमानं बॅग भरली होती. खुशालराव शांतपणे म्हणाले होते, "जाय ना. तुह्या बापाची मशीन बी उचलून ने." प्रेस सिमेंटात रोवलेली. दागिने असते तर निदान अंगावर घालून निघता आलं असतं! बगीचा गेलेल्या बापाच्या दारात रिकाम्या हातानं कुठल्या तोंडानं जायचं? तिनं बॅग पुन्हा रिकामी केली.

आता धाकट्या गोपालचं लग्न ठरत होतं, अंजनगावच्या रागिणीशी. पुण्याचे पाहुणे आज यायचे होते; त्यांना नवी मशीन दिसावी म्हणून रागिणीचे वडील नत्थुजी आजच ट्रक पाठवणार होते. आदल्या संध्याकाळी रागिणीचा फोन आला होता.

"ताई, मशीन देल्यावर घरात मान रायते न?"

"रायते," सीमा म्हणाली होती. सासूबाई शेजारीच बसल्या होत्या. तिला स्वतःची लाज वाटली, तरी शब्द तोच निघाला.

दुपारी गुंतवणूकदारांकडून पुण्याच्या बाई आल्या. हुशार होत्या. तक्त्यावर त्यांचं बोट नेमक्या जागी थांबलं.

"धंदा तेवढाच आहे, मग या एकाच वर्षी मालमत्तेत एवढी उडी कशी?"

"विस्तार केला," खुशालराव म्हणाले.

"त्या साली माहं लग्न झालं, मॅडम," सीमा म्हणाली. आपण बोललो, हे तिला बोलल्यावर कळलं. "प्रेस माह्या बापानं देल्ली. यंदा बी रेघ वर जाईन. धाकल्या भाऊजीचं लग्न हाय."

"सीमा, चहा आन," दाराशी उभा किशोर दात खाऊन म्हणाला.

ती उठली नाही. तिचे डोळे बाईंकडे होते. शिकलेली बाई आहे, काहीतरी बोलेल, निदान फाईल तरी मिटेल.

बाईंनी चष्मा सारखा केला. "बिल कंपनीच्या नावावर आहे ना? मग आमची हरकत नाही. घरचं तुम्ही बघा." आणि त्यांनी पान उलटलं.

खुशालरावांच्या चेहऱ्यावर हसू आलं. वाचकहो, त्या बाईंवर रागावणं सोपं आहे. पण अशा लग्नात आपणही जेवतो, आहेर करतो, आणि व्याही किती सज्जन म्हणून वाखाणतो. बिल तेवढं आपणही विचारत नाही.

बाहेरून कोणी येऊन सोडवेल ही सीमाची आस तिथेच संपली. तिनं टेबलावरचा मोबाईल उचलला आणि सगळ्यांसमोर नंबर लावला.

"नत्थुकाका, मी सीमा. ट्रक निंघाला?"

"भरून राहिलो, बाई. काहून?"

"उतरवा. अन् रागिणीले सांगा, काल मी खोटं बोलली. मले इथं मान नाई. मशीनले हाय. पोरीले या घरी देऊ नका."

किशोर फोन हिसकायला धावला. पुण्याच्या बाईंची खुर्ची मध्ये होती म्हणून अडला. खुशालराव बसल्या जागेवरून म्हणाले, "अन् तू कुठं जाशीन?"

सीमा फोन कानाला घट्ट धरून उभी राहिली. पलीकडे नत्थुजी हमालांवर ओरडलेले तिला स्पष्ट ऐकू आले, "थांबा रे! उतरवा खाली. पोरगी नाई जात तिकडं."