मी वाहतो, एवढंच

मित्रांनो, मी एक जुना रिमोट आहे. लगेच टीव्हीकडे बघू नका; मी टीव्हीचा नव्हे, गेमचा. मला धरायला दोन मुठी आहेत, बटणं आहेत, दोन्ही अंगठ्यांखाली फिरणाऱ्या दोन बुटक्या काड्या आहेत आणि पोटात एक छोटी मोटर आहे. पडद्यावर बॉम्ब फुटला की ती मोटर गरगरते आणि माझ्या अंगात येतं. चिंचणीच्या मालूबाईंनी मला पहिल्यांदा असं घुमताना पाहिलं, तेव्हा त्यांनी चक्क हात जोडले होते. लेक हसली म्हणून पुढे त्या हे कबूल करत नाहीत.

स्वस्थ बसणं मला जमत नाही. आताही फळीवर पडून हे सांगतो आहे, पण माझी डावी काडी जरा पुढे कललेलीच आहे. ती का कलली, तीच माझी सगळी गोष्ट.

माझा जन्म दूरच्या कुठल्याशा कारखान्यात झाला. एका बाईने माझ्या काड्या चारही दिशांना फिरवून पाहिल्या, मान हलवली आणि मला खोक्यात घातलं. माझं पहिलं घर मुंबईतलं. तिथे नवा रिमोट आला, मी जुना झालो आणि गेम चालवणाऱ्या माझ्या यंत्रासकट पोत्यात गेलो. पोतं उघडलं ते अच्छाडला, हायवेवरच्या एका टपरीत. शेजारी ढाबा, समोर ट्रकांची रांग. चार्जर, टॉर्च आणि काळे गॉगल यांच्यात मी बरेच दिवस धूर खात पडून होतो. माझ्या यंत्रात एक डिस्क अडकली होती, ती काही केल्या बाहेर येत नसे. टपरीवाला गिऱ्हाइकाला सांगायचा, "एकच गेम चालतो, पण जोरात चालतो!"

तिथे मला रामाने उचललं. रामा चिंचणीचा, गुजरातच्या बंदरातल्या एका बोटीवर तांडेल. म्हणजे बोट त्याच्या हुकमाने चालायची. हंगाम संपवून तो ट्रकने घरी निघाला होता आणि चहाला उतरला होता. दोरखंड ओढून त्याचे तळवे चामड्यासारखे झाले होते. त्याने माझ्या काडीवर अंगठा ठेवला, हलकेच डावीउजवीकडे केला आणि म्हणाला, "हा तर सुकाणूच हाय. माझ्या रुपलला चालेल." मित्रांनो, मला पुष्कळांनी हातात घेतलं होतं, पण सुकाणू कुणी म्हटलं नव्हतं. मी फुशारलो.

रुपल म्हणजे त्याची एकुलती लेक. नुकतीच बारावी झालेली, जिभेने तिखट आणि बोटांनी चपळ.

तो अडकलेला गेम लढाईचा होता. अशा गेममध्ये काय काय असतं, ते मी झोपेतही सांगेन. एक दाढीवाला कप्तान असतो. तो सारखा 'माझ्या मागे ये' म्हणून ओरडतो. एक जिवलग दोस्त असतो. त्याने खिशातून बायकोचा फोटो काढून दाखवला की समजावं, याचं काही खरं नाही. लाल पिंप दिसलं की ते फुटायलाच ठेवलेलं असतं. शेवटी सगळ्यांना न्यायला हेलिकॉप्टर येतं आणि बहुतेकदा तेच पडतं. दुश्मनांना चेहरा नसतो, तोंडाला फडकं असतं. म्हणजे गोळी घालताना अंगठा अडखळत नाही. आपल्याला गोळी लागली तर पडद्याच्या कडा लाल होतात, पण भिंतीआड बसून जरा दम खाल्ला की आपण पुन्हा ठणठणीत. मेलोच, तर थोडं मागे जाऊन परत उभे.

आणि एक हद्द असते. ती दिसत नाही. रस्ता मोकळा असतो, पाणी मोकळं असतं, पण एक पाऊल पलीकडे पडलं की पडदा करडा होतो. 'तुम्ही रणभूमी सोडून जात आहात, मागे फिरा' अशी इंग्रजी अक्षरं झळकतात आणि दहापासून उलटे आकडे सुरू होतात. शून्य झालं की कुठूनशी गोळी येते. ती कोण झाडतो, हे मला आजवर कळलेलं नाही.

पुढच्या हंगामात रामा पुन्हा बोटीवर गेला. या खेपेला खलाशांमध्ये सायवनचा शुक्रा होता. त्याने तोवर समुद्र लांबूनच पाहिलेला. घरी बायको सुकी आणि डोंगरउतारावर तुकडाभर शेती. रामानेच त्याला कामाला लावलं होतं. मग एक दिवस बातमी आली, की बोट समुद्रातली सरहद्द ओलांडून गेली आणि पलीकडच्या पहाऱ्याच्या बोटीने सगळ्यांना धरून नेलं. का ओलांडली, ते कुणालाच ठाऊक नव्हतं. ठाऊक नसलं म्हणजे गावाच्या जिभेला हाड राहत नाही. बाजारात रामाच्या बायकोच्या, मालूबाईंच्या, मासळीच्या पाटीसमोर उभ्या राहून बाया म्हणायच्या, "तांडेललाच मासळीची हाव सुटली असंल." मालूबाई ऐकायच्या, बोंबलांवरच्या माशा हाकलायच्या आणि घरी येऊन एक शब्द बोलायच्या नाहीत.

रुपल तारापूरच्या एका कारखान्यात पॅकिंगला लागली. सुट्टीच्या दुपारी मला घेऊन बसायची आणि एकच भाग लावायची: दुश्मनाच्या तुरुंगातून कैदी सोडवायचा. पायऱ्या उतरायच्या, पहारेकरी दिसेल तिथे पाडायचे, दाराला लाथ घालायची. आत साखळीला बांधलेला माणूस मान वर करायचा. तिथे ती थांबायची. त्या माणसाच्या तोंडाकडे बघत राहायची आणि मग पुन्हा पहिल्यापासून सुरू करायची. महिने गेले, वर्षं गेली. तिच्या डाव्या अंगठ्याने माझी काडी एकाच दिशेला रेटली: पुढे, पुढे, लवकर पुढे. कधी अंगठा घामाने ओला असायचा, कधी घामाने नव्हे.

इतकं रेटल्यावर काडी सरळ कशी राहणार? ती पुढे कलली ती कललीच. कुणी हात लावला नाही तरी माझा सैनिक आपणहून चालू लागला. जाणकार याला म्हणतात, 'रिमोट वाहतो.' रुपल मला मांडीवर आपटायची. "गेला हा कामातून," ती म्हणायची, "नवीनच घेते."

आणि मग रामा सुटून आला. स्टेशनवर हार, पेढे, फोटो झाले. घरी आला आणि दाराजवळ भिंतीला टेकून बसला. हडकला होता, दाढी पांढरी झाली होती. खांद्यावरची कापडी पिशवी त्याने खिळ्याला अडकवली आणि कुणाला तिला हात लावू दिला नाही. कुणी विचारलं, "काय झाला होता रे बोटीचा?" तर तो ऐकू न आल्यासारखा रस्त्याकडे बघायचा. मालूबाई ताट ठेवायच्या, तो जेवायचा. बस. रुपलला वडील हवे होते. मिळाला होता एक मुका पाहुणा.

तिने एक चूक केली. चांगल्या मनाने केली, पण चूक ती चूक. "पप्पा, बघा, मी तुम्हाला किती वेळा सोडवला," म्हणत तिने तो तुरुंगाचा भाग लावला. एका वळणावर एक पहारेकरी हातात जेवणाची थाळी घेऊन उभा होता. रुपलने सवयीने त्याला पाडला. थाळी खणखणली. रामाने तोंड भिंतीकडे फिरवलं आणि संध्याकाळपर्यंत वळवलं नाही.

दोनच दिवसांनी सायवनहून सुकी आली. सगळे सुटले होते, पण शुक्राचे कागद जुळले नाहीत म्हणून तो तिकडेच राहिला होता. ती उंबऱ्याबाहेर उकिडवी बसली.

"दादा, मना बाकी काय नको. तो जेवतो का, एवढा सांग."

रामाचे ओठ हलले. खिळ्यावरच्या पिशवीकडे नजर गेली, परत आली. मग तो रस्त्याकडे बघत बसला. सुकी बराच वेळ बसली, मालूबाईंनी दिलेला चहा प्यायली आणि उठून गेली. रुपलच्या डोळ्यांत मी त्या दिवशी पहिल्यांदा बापाविषयी राग पाहिला. मला भीती वाटली. कारण हा राग गावातल्या बायांच्या बोलण्याला जाऊन मिळाला असता, तर रामाला या घरात परत आणणारं कुणी उरलं नसतं.

त्याच आठवड्यात सुट्टीच्या दुपारी रुपल धक्क्याच्या भागाशी झगडत होती. खाडी, लाकडी धक्का, समोरून येणाऱ्या बोटी. मी वाहत होतो, ती चिडत होती. तेवढ्यात अंगणातून मालूबाई ओरडल्या, "अगं धाव, कावळे बसले बोंबलांवर!" रुपलने सैनिकाला भिंतीआड उभा केला, मला चटईवर टाकलं आणि धावली.

खोलीत रामा आणि मी. माझ्यावर कुणाचाही हात नव्हता, तरी सैनिक चालू लागला. भिंतीआडून निघाला, धक्का उतरला, पाण्यात शिरला. पडदा करडा पडला. आकडे सुरू झाले. माझी मोटर घुमू लागली.

"अरे... कुठं चालला हा?" रामा म्हणाला.

शून्य. गोळी. सैनिक पालथा. मग तो पुन्हा भिंतीआड उभा राहिला आणि पुन्हा पाण्याकडे निघाला. रामा गुडघ्यांवर पुढे सरकला. "मागं फिर! ए, मागं फिर!" पुन्हा गोळी. तिसऱ्यांदा सैनिक हलला तसं रामाने झडप घालून मला उचललं. तोच चामड्यासारखा तळवा! त्याने अंगठा काडीवर टेकवला आणि ओढीच्या उलट दिशेला, जेमतेम लागेल तेवढाच दाब दिला. पाण्याच्या ओढीविरुद्ध सुकाणू धरतात ना, अगदी तसा. सैनिक थांबला. इतक्या वर्षांत मी पहिल्यांदा स्थिर उभा होतो.

रुपल दारात आली. हातात टोपली तशीच.

"त्यानं नाय केलं," रामा पडद्याकडे बघत म्हणाला. "कोणी बटण दाबला नाय. तो वाहत गेला." मग तो लेकीकडे वळला. "आमचा मशीन बंद पडला होता, रुपल. नांगर टाकला, तो तळाला धरला नाय. सुकाणू माझ्या हातात होता आणि पाणी बोटीला ओढत होतं. पाण्यात रेघ नसते गं. कुठं ओलांडली, कसा कळणार?"

"यात लिहून येतं, पप्पा," रुपल हळूच म्हणाली. "मागे फिरा म्हणतात. दहा आकडे मोजतात."

"आम्हाला तेवढेपण नाय मोजले."

मालूबाई तिच्या मागे येऊन उभ्या राहिल्या होत्या. मासळीचे हात तसेच पदराला पुसत त्या रडत होत्या, कारण बाजारातल्या सगळ्या बोलण्याला आज उत्तर मिळालं होतं.

पडद्यावर बोटी जवळ आल्या. रुपल सवयीने म्हणाली, "पप्पा, मारा त्यांना. मारल्याशिवाय गेम पुढं जात नाय."

"कोण हायेत ते?"

"दुश्मन. तोंड बांधलंय बघा."

"तोंड आम्हीपण बांधतो. उन्हानं चेहरा करपतो." त्याने बटण दाबलं नाही. बोटीवाले गोळ्या झाडू लागले, कडा लाल झाल्या, तेव्हा सैनिकाला त्याने भिंतीआड नेलं. लाली ओसरली. रामा चकित झाला. "बरा झाला एवढ्यात?"

"भिंतीआड गप बसलं की बरं होतं," रुपल म्हणाली.

रामा मागे वळून बघू लागला. दाराजवळच्या भिंतीवर त्याच्या पाठीचा तेलकट डाग पडला होता. "खोटं हाय," तो म्हणाला. "मी किती दिवस बसलोय." मग तो उठला आणि खिळ्यावरची पिशवी काढली. आत मण्यांचा एक पट्टा होता, लाल-पांढरा, बारीक विणीचा. तुरुंगात बसून शुक्राने सुकीसाठी ओवलेला. तिथल्या भटारखान्यातला एक म्हातारा त्यांना मणी आणून द्यायचा, रोज जेवलात का म्हणून विचारायचा. "शुक्राला मीच नेला होता दर्यावर," रामा म्हणाला. "तिला तोंड कसा दाखवू? पण त्या बाईनं माझा गुन्हा विचारलाच नाय. तो जेवतो का, एवढाच विचारला."

दुसऱ्या दिवशी सकाळी बापलेक स्कूटरवर सायवनला गेले. तिथलं मी पाहिलं नाही. रुपलने परत येऊन आईला सांगितलं ते ऐकलं. रामाने सगळं सांगितलं, मशीन, नांगर, ओढ. सुकीने पट्टा हातात घेतला, एकेक मणी चाचपला. "जेवतो ना? मग येल तो," एवढंच म्हणाली आणि रामाला भाकरी वाढली.

संध्याकाळी रुपल म्हणाली, "पप्पा, हा रिमोट टाकून देऊ का?"

"टाकू नको," रामा म्हणाला. "खराब नाय तो. वाहतो, एवढंच. कोणी हात धरला की थांबतो."

मित्रांनो, तुमच्या घरातही एखादा माझ्यासारखा जुना असेल. त्याला आपटू नका. काडीखालची धूळ फुंकरीने काढा आणि खेळून झालं की त्याला नीट जागेवर ठेवा. आणि कुणी हद्दीपलीकडे सापडला, तर गोळीच्या आधी, निदान कुजबुजीच्या आधी, एवढं विचारा: बाबा रे, तू चालत आलास, की वाहत आलास?

रामा आता तालुक्याला खेटे घालतो, शुक्राच्या कागदांसाठी. मी फळीवर आहे, तोंड दाराकडे. शुक्रा अजून यायचा आहे. म्हणून मला चैन नाही, आणि माझी काडी अजून पुढेच कललेली आहे.