हाताला सोसेल इतकंच गरम

नवऱ्यानं माझा दात पाडला, त्याच आठवड्यात मी लाल रंग शिकायला लागले. तोंड सुजलं होतं, बोलता येत नव्हतं, आणि वन्संच्या ते पथ्यावरच पडलं. माझ्या या थोरल्या नणंदबाई झाडांच्या मुळापानांतून रंग काढून कापड रंगवायच्या, आणि कामात बडबड त्यांना अजिबात खपायची नाही. माझ्या गालाकडे त्यांनी एकदा पाहिलं आणि मंजिष्ठेची मुळं कुटायला दिली. भावाबद्दल अवाक्षर काढलं नाही.

मला त्यांचा संताप यायचा. आईमागे त्यांनीच त्याला लहानाचा मोठा केला होता. तो मला बडवायचा आणि या त्याचं ताट झाकून ठेवायच्या. त्यांच्या शेडमागे एक रिकामी खोली होती. ती मागावी असं रोज मनात यायचं, पण भावाच्या बायकोला त्या भावापासून लपवतील का, याची खात्री नव्हती.

"मंजिष्ठ उकळू द्यायची नाही," त्या सांगायच्या. "उकळली की लाल गेला, मातकट उरतो. हात घालून बघ. सोसतंय तोवर ठीक."

नवरा हे लहानपणापासून बघत आला होता. त्यालाही त्या पातेल्यात हात घालायला लावायच्या. हल्ली मात्र वन्सं वापरलेली मुळं दुसऱ्या पातेल्यात खळखळा उकळायच्या, त्यातून विटकरी रंग निघायचा. हे त्याला ठाऊक नव्हतं. बहिणीच्या शेडमध्ये तो फिरकायचा कुठे?

त्या दुपारी फिरकला. "घरी चल," म्हणाला.

"कापड काढते, मग येते."

त्यानं माझे केस मुठीत धरले, फरफटत दारापर्यंत नेलं आणि डोकं चौकटीवर आपटलं. पुन्हा आपटलं. रक्त डोळ्यात उतरलं. मी त्याच्या मनगटाला कडकडून चावले, रक्ताची चव लागेपर्यंत सोडलं नाही. मग त्यानं पोटात अशी लाथ घातली की श्वासच अडकला.

"कसलं कापड काढतेस, बघतोच," म्हणत तो आत वळला. ते चिखलात तुडवायचं होतं त्याला.

जमिनीवर दोन पातेली होती. दोन्हींत तसंच तांबूस पाणी, वर तसाच फेस. त्यातलं एक वन्संनी नुकतंच चुलीवरून उतरवलं होतं. तो त्याच पातेल्याकडे निघाला. मला ओरडता येत नव्हतं, आणि आलं असतं तरी मी ओरडले नसते. वन्सं पातेल्याला लागूनच उभ्या होत्या, हातात ढवळायचा दांडा. त्यांनी भावाच्या वर केलेल्या बाहीकडे पाहिलं, पाण्याकडे पाहिलं. थांब म्हणण्याइतका वेळ होता.

त्यानं कोपरापर्यंत हात घातला.

असा आवाज मी जनावराच्या तोंडूनही ऐकला नव्हता. हात बाहेर आला तेव्हा कातडी सुटून लोंबत होती. तो गुडघ्यांवर कोसळला आणि ताई, ताई करत लहान मुलासारखा रडू लागला. वन्संनी त्याला बखोटीला धरून नळाखाली बसवलं आणि हातावर गार पाण्याची धार धरली.

"सांगितलं का नाहीस?" तो हुंदके देत म्हणाला.

"दिसत होतं मला."

त्याला ते लगेच उमगलं नाही. उमगलं तसा तो रडायचा थांबला.

"दवाखान्यात मी नेते," वन्सं धार न हलवता म्हणाल्या. "हात बरा होईपर्यंत भरवीनही मीच. ही मागच्या खोलीत राहील. तिच्या दारात पाय टाकलास, तर मी पुन्हा अशीच गप्प उभी राहीन."

त्यानं मान डोलावली. मला कुणी काही विचारलं नव्हतं, तरी मीही डोलावली.