शेवटचे दोन आकडे

"पूर्ण नाही हो सांगता येणार, साहेब. माझ्याकडे अर्धाच असतो," हे फोनवर अत्यंत अदबीने सांगत होते. "उरलेला आमच्या मंडळींकडे असतो. बोलावू का त्यांना?"

मी हातातली भाजी खाली ठेवली आणि फोन घेतला. पलीकडे कोणी तरुण होता. आपण बँकेतून बोलत आहोत, तुमचे पैसे भरायचे अॅप आज बंद पडणार आहे, चालू ठेवायचे असेल तर पिन सांगा, असे त्याने एका दमात म्हणून टाकले.

"यांच्याकडचा अर्धा घेतलास का?" मी विचारले.

"नाही मॅडम. आधी तुमचा सांगा, मग सरांचा घेतो."

"म्हणजे दोघांकडून घेणार आणि जोडणार तू. काय रे, दिवसभर तू हा उद्योग करतोस, हे तुझ्या आईला माहीत आहे का?"

फोन बंद झाला.

"अगं, बिचाऱ्याला बोलू तरी द्यायचंस," हे म्हणाले.

"बिचारा?"

"नाहीतर काय! तिजोरी फोडायला आला आणि निघाल्या दोन चाव्या. त्यातली एक तुझ्याकडे." आणि स्वतःच्याच विनोदावर हे इतके हसले की डोळ्यांना रुमाल लावावा लागला.

यांची सारी नोकरी बँकेच्या एकाच शाखेत कॅशियर म्हणून झाली. बढती दोनदा चालून आली, दोनदा यांनी नाकारली. बदलीवर जावे लागले असते आणि मुलाची शाळा मोडली असती. मला त्या वेळी राग आला होता, तो मी बोलूनही दाखवला होता. पण माणूस आपल्या जागी चोख होता. त्या शाखेतल्या तिजोरीला दोन चाव्या असत. एक अधिकाऱ्याकडे, एक यांच्याकडे. आधी अधिकाऱ्याची फिरायची, मग यांची. एकट्याने कोणाला ती उघडता येत नसे. लोकांना वाटे, हा अविश्वास आहे. हे म्हणत, "उलट आहे. एकट्याला उघडताच येत नाही, म्हणून एकट्यावर कोणी बोटही ठेवत नाही. दुसरी चावी ही पहिल्या माणसाची अब्रू असते."

त्यामुळे मुलाने जेव्हा आमच्या दोघांच्या खात्यासाठी फोनवर ते अॅप घालून दिले आणि चार आकड्यांचा पिन ठरवा म्हणून सांगितले, तेव्हा आमच्यात चर्चासुद्धा झाली नाही. पहिले दोन आकडे मी ठरवले, शेवटचे दोन यांनी. एक जण दाबत असताना दुसऱ्याने मान फिरवायची. आधी अधिकारी, मग कॅशियर. अधिकारीपद माझ्याकडे यावे यात घरातल्या कोणाला नवल वाटले नाही.

बाजारात आमचा तमाशा होई. फळवाली आम्हाला पाहताच शेजारणीला हाक मारी, "ये गं, आजी-आजोबांची कवायत बघायला!" माझी नणंद तर तोंडावर म्हणाली, "वहिनी, इतकी वर्षं संसार केलात आणि नवरा-बायकोत अजून गुपित?"

"गुपित नाही," मी म्हटले, "शिस्त. तुमच्याकडे नव्हती, म्हणून नवीन वाटते."

मुलगा हसायचा, पण समजावायचाही. त्याचे कामच संगणकाचे. "आई, अॅप तसं भक्कम असतं गं. ते सहसा कोणी फोडत नाही. माणसाला गोड बोलून, नाहीतर घाबरवून त्याच्याच हातून उघडून घेतात. एवढं लक्षात ठेवा, पैसे घ्यायला पिन लागत नाही, द्यायलाच लागतो. आणि बँक कधी पिन विचारत नाही. बास. बाकी पिनऐवजी अंगठ्याच्या ठशावर ठेवलंत तरी चालेल."

"अंगठा झोपेतही हाताला असतोच," हे म्हणाले. "कोणीही उचलावा आणि लावावा. आकडा माणसाला जागेपणी द्यावा लागतो."

चष्म्याच्या दुकानात ती गोष्ट घडली. यांना नवा चष्मा केला होता. मी माझे दोन आकडे दाबले, फोन यांच्या हातात दिला आणि शिरस्त्याप्रमाणे मान फिरवली. समोर आरसा होता. नको असताना त्यात मला यांचा चेहरा दिसला. बोट फोनच्या काचेवर अधांतरी थांबले होते. नवा चष्मा घातलेला माणूस जवळच्या वस्तूकडे जसा पाहतो, तसे हे फोनकडे पाहत नव्हते. फार लांबचे काहीतरी शोधत होते. मग त्यांनी काहीतरी दाबले.

"पिन चुकला, आजोबा," दुकानदार म्हणाला. "परत टाका, सावकाश."

मी पुन्हा माझे आकडे दाबले. पुन्हा चुकला. मागे उभा असलेला एक जण घड्याळ पाहू लागला.

"अगं, मी..." यांनी माझ्याकडे पाहिले.

"तुमच्या दुकानात नेटवर्क नाही," मी दुकानदाराला ठणकावले. "एवढ्या काचा लावल्यात, वारा तरी आत येतो का?" आणि बटव्यातून रोख पैसे काढून त्याच्यासमोर ठेवले. तो शहाणा होता. "हो आजी, आज जरा नेटवर्क गडबडच करतंय," म्हणाला. रस्त्यावर यांनी माझा हात धरला. तरुणपणी कधी धरला नव्हता.

त्यानंतर रोखीचे दिवस आले. मी फोन घरी विसरू लागले. मुद्दाम विसरायची सवय करायला मला वेळ लागला, कारण मी कधी काही विसरत नाही. हे मात्र विसरत होते. दूधवाल्याला एकदा यांनी मुलाच्या नावाने हाक मारली. धुतलेला सदरा पुन्हा धुवायला टाकला.

मुलगा आणि सूनबाई रविवारी आले, तेव्हा मुलाने स्वयंपाकघरात मला गाठले.

"आई, बाबांना पिन आठवत नाही ना?"

"तुला कोणी सांगितलं?"

"कोणी सांगायला कशाला हवं? लाइटचं बिल तू मला भरायला सांगितलंस. तू! आयुष्यात कधी कोणाला सांगितलं होतंस?"

मी तव्यावरची पोळी उलटली.

"हे बघ, उद्या दवाखान्यात जायची वेळ आली आणि पैसे अडकले तर? तीनदा चुकला की दिवसभर बंद होतं ते. तुझं कार्ड घे, मी आत्ता नवा पिन लावून देतो. सगळा तुझ्याकडेच ठेव. बाबांना सांगायची गरजही नाही."

"नाही."

"का पण?"

"कॅशियरच्या पाठीमागे कुलूप बदलत नाहीत. बदलतात ते दोनच वेळा. चावी हरवली तर, आणि माणसावरचा भरवसा उडाला तर. यातलं काय सांगू मी यांना?"

"आई, ते बँकेत नाहीयेत आता."

"ते कुठे आहेत हे तू मला शिकवू नकोस." माझा आवाज चढला. "इतकी वर्षं नोटा यांच्या हाताखालून गेल्या. एकदा कोणी यांचा खिसा तपासला नाही. म्हातारपणी मी तपासू? घरातल्या घरात?"

सूनबाईने माझ्या दंडाला हात लावला आणि डोळ्यांनी दाराकडे खूण केली. हे पाण्याचा रिकामा पेला घेऊन दारात उभे होते. किती ऐकले होते, कोण जाणे. "पाणी संपलं होतं," एवढेच म्हणाले आणि पेला भरून न घेताच परत गेले.

मुलगा आणि सूनबाई त्या रात्री आमच्याकडेच राहिली. मुलाला जावेसे वाटले नसावे.

सकाळी मी पूजा आटोपून बाहेर आले, तर हे इस्त्रीचा पांढरा सदरा घालून जेवणाच्या टेबलाशी बसले होते. मनगटापर्यंत बाह्या, गळ्याचे बटण लावलेले. समोर फोन ठेवला होता, बरोबर मध्यभागी.

"बस," मला म्हणाले. नंतर मुलाला हाक मारली. "तूही ये रे. साक्षीदार लागतो."

"कशाला, बाबा?"

"चार्ज द्यायचाय." त्यांचा आवाज स्वच्छ होता, कित्येक महिन्यांत नव्हता इतका. "रजेवर जाताना चावी टेबलावर टाकून जात नाहीत. हातातून हातात द्यायची. तुझी आई बरोबर बोलली काल. पाठीमागे कुलूप बदलत नाहीत. पण कॅशियरला वाटलं, आता आपल्याच्याने होत नाही, तर त्याने आपणहून द्यायची असते. त्यात भरवशाचा प्रश्न येत नाही."

मुलाने मान खाली घातली. "बाबा, काल मी..."

"तू दाराशी उभा राहा. साक्षीदाराने बघायचं असतं, ऐकायचं नसतं."

तो दाराशी गेला. सूनबाई त्याच्यामागे उभी राहिली. यांनी खुर्ची माझ्याजवळ ओढली, तोंडाशी हात धरला आणि माझ्या कानाशी वाकले. सदऱ्याला इस्त्रीचा वास होता.

"सात," हे म्हणाले. थांबले. "चार." पुन्हा थांबले, मला वाटले झाले. "नऊ."

दोनच आकडे होते यांच्या वाट्याला. यांनी तीन दिले.

हे मागे सरले आणि माझ्याकडे पाहू लागले. जबाबदारीचे ओझे पूर्णपणे दुसऱ्याच्या हाती पोचेपर्यंत माणूस जसा थांबतो, तसे.

"मिळाले?" यांनी विचारले.

"मिळाले," मी म्हणाले.

"लक्षात राहतील?"

"मी काही विसरते का कधी?"

"नाही. तू नाही विसरत." यांनी खिशातले पेन काढून माझ्यापुढे धरले. "सही कर."

कागद कोणी आणला नव्हता. मी वर्तमानपत्र ओढले आणि कडेच्या कोऱ्या पट्टीत 'चार्ज मिळाला' असे लिहून खाली सही केली, पूर्ण नावाची, माहेरच्या शिक्षकांनी शिकवलेल्या वळणाची. यांनी ती नव्या चष्म्यातून अक्षर न् अक्षर तपासली. मग मुलाला बोलावून त्यालाही सही करायला लावली. त्याने घाईघाईत एक रेघ ओढली. "नीट कर," हे म्हणाले, "सही अशी करू नये."

शाई वाळेपर्यंत हे थांबले. मग उठून त्यांनी गळ्याचे बटण सोडले, एक बाही दुमडली, दुसरी दुमडली आणि गॅलरीतल्या खुर्चीत जाऊन बसले. खाली शाळेत जाणारी मुले दंगा करत होती. हे ती पाहत राहिले, भर कामाच्या दिवशी, सकाळच्या उन्हात, कुठेही जायचे नसलेल्या माणसासारखे.

"आई," मुलगा हलक्या आवाजात म्हणाला, "बरोबर होते का आकडे?"

"बरोबर होते," मी म्हणाले. "चहा टाक यांना. आणि साखर नेहमीएवढीच घाल."