भिंतीवरचं शेवटचं हरीण

मी बोलतोय, कोलशेतच्या मितेशशेठच्या हॉलमधलं हरीण. हरीण म्हणजे नुसतं मुंडकं आणि शिंगं. बाकीचं कधीच लोकांच्या पोटात गेलं. शरम वाटली की माणसं मान खाली घालतात. मला तीही सोय नाही.

आमची जात ठेंगणी, कानांना काळी किनार असलेली. येऊरच्या डोंगरापासून खाडीपर्यंत, एवढ्याच टापूत आम्ही राहायचो. मिठागरांच्या कडेचं खारट गवत आम्हाला फार आवडे. तिथेच मितेशच्या आजोबांनी, धाकूशेठनी, मला गोळी घातली. त्यानंतर आमच्यातलं कुणी दिसलं नाही, असं या घरात सांगतात.

पुढे मिठागरं गेली, टॉवर आले, कौलारू घराचा बंगला झाला. माझी जागा मात्र दर्शनी भिंतीवरच. दर दिवाळीला शिंगांना सोनेरी ऑइलपेंट. एरवी त्यांच्यावर गाडीच्या चाव्या, टोप्या, ओला टॉवेल. पाहुणा आला की मितेश घाईघाईनं टॉवेल काढायचा. "शेवटचा पीस हाय भाऊ, जगात दुसरा नाय!" आणि खरं सांगतो, मलाही ते गोड लागायचं. अख्खी जात संपली आणि मी त्यात मोठेपणा मानत बसलो.

मितेशची मुलगी दक्षता ठाण्याला प्राणिशास्त्र शिकते. परवा ती हट्टालाच पेटली. "पप्पा, ह्याला वनखात्याकडे देऊया ना. म्युझियममध्ये ठेवतील. टॉवेल काय टाकतो आपण ह्याच्यावर, लाज वाटते मला!"

मितेश कुरकुरत तयार झाला. मी तर हरखलोच. दक्षतानं तिथल्या पाटीसाठी लिहिलेला मजकूरही वाचून दाखवला, 'या जातीचा शेवटचा प्राणी'.

मितेशची म्हातारी आई, मनुबाई, खाली वाल सोलत बसली होती. "शेवटचा तो नव्हता गो," ती म्हणाली. "ह्याच्या मागारी एक मादी यायची. ह्याला जिथं मारला, तिथंच येऊन उभी ऱ्हायची, रोज. मामांनी, माझ्या सासऱ्यांनी, तिलापन मारली. मी नवी नवरी, मीच रांधली."

"मग तिचं काय ठेवलंय, आजी?"

"तिला शिंगा नव्हती. भिंतीवर काय लावनार?"

मनुबाईनं वालाचं ताट बाजूला सारलं आणि पदर डोळ्यांना लावला. मितेश उठून बाहेर गेला. दक्षतानं ती ओळ खोडली.

उद्या वनखात्याची गाडी येईल. काचेमागे मला पाहाल तेव्हा माझ्यासाठी हळहळू नका. तिचं एक हाडही कुणी राखलं नाही, तिच्यासाठी हळहळा. ती रोज मला शोधत यायची, आणि मी इथे तिचा मान मिरवत होतो.